चॉपसुईचा माग : अमेरिकी खाद्यसंस्कृतीवरच्या पेपरसाठी ग्रंथालयात साधनं कशी शोधायची

"ताई, मला 'अमेरिकन फूड कल्चर'वर पेपर लिहायचाय. पुस्तकं कुठल्या रॅकवर असतील?"

अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी रेफरन्स डेस्कवर बसते. सप्टेंबरात सेमिस्टरने वेग घेतला की हा प्रश्न येतोच. विचारणारा मराठी असेल तर आधी माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचतो, हुश्श करतो आणि मराठीत सुरू होतो. खरं उत्तर असं, की असा रॅकच नाही. हा विषय ग्रंथालयाच्या चार-पाच मजल्यांवर विखुरलेला आहे, आणि ज्या शब्दांनी आपण तो शोधतो ते शब्द कॅटलॉगला बहुतेक वेळा कळत नाहीत.

गेल्या वर्षी सांगलीकडचा एक मुलगा असाच आला होता. दहा पानांचा पेपर, हातात तीन आठवडे. त्याच्याबरोबर आम्ही ज्या वाटेने गेलो तीच इथे मांडते. तुमचा विषय हॅम्बर्गर असो की थँक्सगिव्हिंगची टर्की, वाट साधारण तीच राहते.

आधी विषयाला चाळणी लावा

"अमेरिकन फूड कल्चर" हा विषय नव्हे, ते गोदाम आहे. मी त्याला विचारलं, इथे आल्यावर खाण्यातलं काय खटकलं? तो म्हणाला, "पुण्याला होस्टेलवर असताना आम्ही अमेरिकन चॉपसुई खायचो. इथे चायनीज हॉटेलात मागितली तर तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसला."

इथेच विषय सापडला. आपल्याकडची अमेरिकन चॉपसुई म्हणजे तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, वर लालभडक आंबटगोड सॉस आणि त्यावर एक हाफ फ्राय. अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडात, हेच नाव घेतलं तर वाकड्या मॅकरोनीत शिजवलेला बीफचा खिमा आणि टोमॅटो समोर येतो. आणि अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांनी एके काळी गाजवलेली साधी चॉपसुई म्हणजे मांस, मोड आलेले मूग, सेलरी असं परतून केलेली दाटसर भाजी. एका नावाखाली तीन वेगळे पदार्थ.

मग प्रश्न असा बांधला: १८८० ते १९३० या काळात चॉपसुई अमेरिकी माणसाच्या ताटात कशी आली, आणि ती कोणी आणली? एक पदार्थ, एक कालखंड, माणसांचा एक गट. एवढं ठरलं की शोधायला काहीतरी हाती लागतं. जागाही बांधून घेता आली, म्हणजे फक्त न्यूयॉर्क किंवा फक्त शिकागो, तर दहा पानांसाठी उत्तमच. प्रश्न न ठरवता कॅटलॉग उघडलात तर चारशे पाककृतीची पुस्तकं समोर येतील आणि संध्याकाळपर्यंत पोटात कावळे ओरडतील, बाकी काही नाही.

कॅटलॉगची भाषा शिका

ग्रंथालयातली प्रत्येक नोंद ठरावीक विषयशीर्षकांखाली लावलेली असते. अमेरिकेत, आणि आपल्याकडच्याही बऱ्याच विद्यापीठांत, ही शीर्षकं लायब्ररी ऑफ काँग्रेसची असतात. सामान्य माणूस "फूड कल्चर" म्हणतो, कॅटलॉग म्हणतो "फूड हॅबिट्स – युनायटेड स्टेट्स – हिस्टरी". आपण "अमेरिकन रेसिपीज" टाकतो, तिथे लिहिलेलं असतं "कुकिंग, अमेरिकन". त्यातही एक मेख आहे. २०१० पर्यंत हे शीर्षक "कुकरी, अमेरिकन" असं होतं, मग लायब्ररी ऑफ काँग्रेसने "कुकरी"चं "कुकिंग" केलं. ज्या ग्रंथालयांनी जुन्या नोंदी बदलल्या नाहीत तिथे आजही "कुकरी" टाकल्याशिवाय जुनी पुस्तकं वर येत नाहीत. दोन्ही शब्द टाकून बघा.

शीर्षकं पाठ करायची गरज नाही. तुमच्या विषयावरचं एकच बरं पुस्तक शोधा, त्याची पूर्ण नोंद उघडा आणि खाली "सब्जेक्ट्स" म्हणून दिलेल्या दुव्यांवर टिचकी मारा. आम्ही अँड्र्यू को यांच्या चॉपसुईवरच्या २००९ सालच्या पुस्तकापासून सुरुवात केली. त्याच्या एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारत पंधरा मिनिटांत अकरा पुस्तकांची यादी झाली, आणि त्यातल्या निम्म्या पुस्तकांच्या नावात चॉपसुई हा शब्द नव्हता.

एक विषय, पाच मजले

आता वर्गांक, म्हणजे पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा, त्याच्या पाठीवर चिकटवलेला क्रमांक. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत पाककृती टीएक्स या वर्गात असतात: अमेरिकी स्वयंपाक टीएक्स ७१५ला, चिनी स्वयंपाक टीएक्स ७२४.५ला, हॉटेलं आणि उपाहारगृहं टीएक्स ९४५च्या आसपास. पण खाण्याच्या चालीरीती म्हणाल तर त्या जीटी २८५०पासून पुढे, लोकाचाराच्या पुस्तकांत. अन्नधंद्याचं अर्थकारण एचडी ९०००पासून. आणि चिनी अमेरिकी लोकांचा इतिहास सगळ्यांपासून लांब, ई १८४मध्ये. तुमच्या ग्रंथालयात ड्यूई पद्धत असेल, आणि भारतात ती शक्यता बरीच, तर अमेरिकी स्वयंपाक ६४१.५९७३ला आणि खाण्यापिण्याच्या प्रथा ३९४.१ला सापडतील.

एकेका ठिकाणी दहा मिनिटं नुसतं उभं राहून शेजारची पुस्तकं चाळा. हे काम अजून कुठलाही सर्चबॉक्स नीट करत नाही. पुस्तक हातात आलं की मजकुराआधी मागची टिपा-सूची उघडा. चांगल्या इतिहासकाराच्या टिपा म्हणजे दुसऱ्याने आधीच वाट तुडवून ठेवलेली असते. त्याने कुठलं वर्तमानपत्र पाहिलं, कुठल्या अभिलेखागारातली कुठली पेटी उघडली, सगळं तिथे असतं.

लेखांसाठी "गॅस्ट्रोनॉमिका" (२००१पासून), "फूड अँड फूडवेज" आणि "फूड, कल्चर अँड सोसायटी" ही तीन नियतकालिकं आधी पाहा. विषय अगदीच नवखा असेल तर ऑक्सफर्डचा अमेरिकी खाद्यपेयांवरचा दोन खंडांचा कोश आहे, पहिली आवृत्ती २००४ची. त्यातल्या नोंदीखालची छोटी वाचनयादी विकिपीडियापेक्षा कितीतरी भरवशाची. एवढं दुय्यम साधनांचं, म्हणजे नंतरच्या अभ्यासकांनी लिहिलेल्या पुस्तकांचं आणि लेखांचं, पुरे. खरी मजा पुढे आहे.

मूळ साधनं : इथे वेळ घालवा

प्राध्यापक "प्रायमरी सोर्सेस" म्हणतात तेव्हा त्यांना त्या काळातच तयार झालेला कागद हवा असतो. खाण्याच्या इतिहासात असा कागद भरपूर आहे आणि बराचसा घरबसल्या फुकट मिळतो.

पहिला साठा पाककृतींच्या पुस्तकांचा. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने "फीडिंग अमेरिका" या नावाने ७६ जुनी पुस्तकं स्कॅन करून मांडली आहेत. अमेरिकी लेखिकेचं अमेरिकेत छापलेलं पहिलं पाकपुस्तक मानतात ते अमेलिया सिमन्स यांचं १७९६चं पुस्तक त्यात आहे. मोजमापाचे कप-चमचे काठोकाठ सपाट करून घ्या असा आग्रह धरणाऱ्या फॅनी फार्मर यांचं १८९६चं पुस्तकही. (आमच्या आईच्या "अंदाजपंचे" पद्धतीत वाढलेल्या मला ते वाचताना शाळेत बसल्यासारखं वाटतं.) आमच्या कामाचं होतं ते १९१४ साली शिकागोत छापलेलं चिनी-जपानी पाकपुस्तक. त्यात चॉपसुईला स्वतंत्र प्रकरणच दिलेलं आहे.

पण मुखपृष्ठावर थांबा आणि लेखिका कोण ते विचारा. सारा बॉस आणि ओनोटो वाटाना अशी दोन नावं आहेत. त्यातल्या ओनोटो वाटाना म्हणजे विनिफ्रेड ईटन: वडील इंग्रज, आई चिनी, जन्म माँट्रियलचा, आणि लेखनासाठी घेतलेलं नाव जपानी थाटाचं. सारा ही त्यांची सख्खी बहीण. म्हणजे हे पुस्तक चीनमध्ये लोक काय रांधत होते याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. अमेरिकी गृहिणीला कुठल्या वेष्टनात "पूर्व" विकली जात होती, याचा मात्र तो पक्का पुरावा. माझा मुलगा, म्हणजे तो सांगलीकर, आधी त्यातली पाककृतीच पेपरात उतरवणार होता. लेखिकांची चौकशी केल्यावर त्याला एक अख्खा परिच्छेद मिळाला.

दुसरा साठा मेन्यूकार्डांचा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत फ्रँक बटॉल्फ नावाच्या बाईंनी (हो, बाईच) १९०० साली मेन्यूकार्डं जमवायला घेतली. १९२४मध्ये त्या वारल्या तोवर पंचवीस हजारांवर कार्डं झाली होती. आज तो संग्रह सुमारे ४५ हजारांचा आहे. त्यातल्या हजारो कार्डांची चित्रं ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात पाहता येतात. २०११मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात स्वयंसेवकांनी पदार्थ आणि किमती एकेक करून टंकित केल्या. मेन्यूत तीन गोष्टी टिपा: किंमत, पदार्थ कुठल्या रकान्यात बसवलाय, आणि हॉटेल कोणाचं आहे. चॉपसुई चिनी हॉटेलात असणं वेगळं आणि गोऱ्यांच्या मोठ्या हॉटेलाच्या कार्डावर येऊन बसणं वेगळं.

तिसरा साठा वर्तमानपत्रांचा, आणि इथे एक दंतकथा आमच्या डोळ्यांदेखत कोसळली.

चॉपसुईची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: १८९६च्या ऑगस्टअखेर चिनी मुत्सद्दी ली हुंगचांग न्यूयॉर्कला आले, त्यांच्या आचाऱ्यांनी तिथल्या पाहुण्यांना रुचेल असं काहीतरी ढवळून केलं, आणि चॉपसुई जन्माला आली. शेकडो ठिकाणी ही गोष्ट छापलेली आहे. ती तपासायची कशी? १८९६च्या आधीच्या छापील कागदात हा शब्द सापडतो का ते पाहून. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा "क्रॉनिकलिंग अमेरिका" हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह विनामूल्य आहे. "ब्रुकलिन डेली ईगल"चे १८४१ ते १९५५चे अंक ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीने वेगळे खुले केले आहेत. त्या ईगलमध्ये १८८४ सालीच वाँग चिन फू या चिनी-अमेरिकी पत्रकाराचा चिनी स्वयंपाकावरचा लेख आहे आणि त्यात हा पदार्थ नावानिशी आहे. ली हुंगचांग यायच्या बारा वर्षं आधी! त्यांच्या भेटीनंतर चॉपसुईचं वेड पसरलं हे मात्र वर्तमानपत्रांतून नीट दिसतं. म्हणजे जन्माची गोष्ट खोटी, फॅशनची खरी.

शोध लागायला वेळ का लागला ते ऐका. वाँग यांच्या लेखात स्पेलिंग आजचं नाही, उच्चार "चॉप सॉली" होईल असं आहे. कँटनी भाषेतल्या सरमिसळ, तुकडेताकडे अशा अर्थाच्या शब्दाचं ते इंग्रजीकरण, आणि सुरुवातीला जो तो कानाला येईल तसं लिहीत होता. शेवटच्या "यूईवाय"च्या जागी कुठे "ओओवाय", कुठे नुसतं "यूआय". त्यात जुन्या छपाईचा मजकूर यंत्राने वाचलेला, त्यामुळे "ई"चं "सी" होतं. म्हणून एकच शब्द टाकून "काही सापडलं नाही" म्हणू नका. चार स्पेलिंगं टाका, मग "चायनीज रेस्टॉरंट" टाका, मग न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीतल्या रस्त्याचं नाव, मॉट स्ट्रीट, टाका. त्या काळचे लोक जे शब्द वापरत होते तेच टाका, आणि त्यातले काही आज उच्चारायला लाज वाटेल असे असतील याची तयारी ठेवा.

चौथा साठा सरकारी कागदांचा. पहिल्यांदाच पेपर लिहिणारा विद्यार्थी सहसा तिकडे फिरकत नाही, म्हणून इथे थोडी जास्त जागा घेते. १८८२च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी झाली. ती १९४३पर्यंत टिकली. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती. १९१५मध्ये एका न्यायालयीन निकालाने उपाहारगृहाच्या मालकांनाही व्यापारी धरायची वाट उघडली, आणि चिनी हॉटेलांची संख्या वाढायला हे एक मोठं कारण ठरलं. चॉपसुई पसरली ती काही नुसत्या चवीवर नव्हे.

या व्यापाऱ्यांच्या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या न्यूयॉर्क, सिअ‍ॅटल आणि सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या शाखांत आहेत. फाइलीत फोटो, प्रश्नोत्तरं, भागीदारांची नावं आणि साक्षी सापडतात. चीनला जाऊन परत यायचं तर मालकाला दोन बिगर-चिनी साक्षीदार उभे करावे लागत, आणि त्यांनी सांगायचं काय, तर या माणसाने गेलं वर्षभर अंगमेहनतीचं काम केलेलं नाही. हॉटेल चालवणाऱ्याने आपण कांदासुद्धा चिरला नाही हे गोऱ्या माणसाच्या तोंडून सिद्ध करायचं! हा एक कागद पेपरात ठेवलात तर दहा पुस्तकांच्या अवतरणांपेक्षा तो जास्त बोलतो.

जे छापलंच गेलं नाही त्याचं काय

पाकपुस्तक हे लोक काय खात होते याचा थेट पुरावा नसतं. लोकांनी काय खावं असं लेखिकेला, प्रकाशकाला किंवा बेकिंग पावडरच्या कंपनीला वाटत होतं, त्याचा पुरावा असतं. आणि ज्यांना लिहू दिलं गेलं नाही त्यांचा स्वयंपाक कपाटात दिसतच नाही. अ‍ॅबी फिशर गुलामगिरीतून सुटून सॅन फ्रान्सिस्कोला आल्या. त्यांचं पाकपुस्तक १८८१चं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी तोंडी सांगितलं आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतलं. बरीच वर्षं आफ्रिकी-अमेरिकी बाईचं पहिलं पाकपुस्तक ते हेच मानत. मग मिशिगनमध्ये १८६६ साली छापलेली मालिंडा रसेल यांची छोटी पुस्तिका उजेडात आली. तिची माहीत असलेली एकमेव मूळ प्रत मिशिगन विद्यापीठाच्या क्लेमेंट्स ग्रंथालयात आहे. एका पातळ पुस्तिकेने पंधरा वर्षं मागे नेलं.

अशा विषयांसाठी खास संग्रह शोधा: कृष्णवर्णीयांच्या पाकपुस्तकांचा अलाबामा विद्यापीठात, मेक्सिकन पाकपुस्तकांचा टेक्सास विद्यापीठाच्या सॅन अँटोनिओ शाखेत, आणि स्त्रियांच्या इतिहासाच्या अंगाने हार्वर्डच्या श्लेसिंजर ग्रंथालयात, जिथे पाकपुस्तकांच्या प्रसिद्ध लेखिका ज्युलिया चाइल्ड यांची कागदपत्रं आहेत.

अशा ठिकाणी पुस्तकासारखा कॅटलॉग नसतो, "फाइंडिंग एड" असतो, म्हणजे कुठल्या पेटीत कुठलं पाकीट आणि त्यात काय याची यादी. ती घरून वाचा, पेटीचा क्रमांक लिहा, मग ग्रंथपालाला ईमेल करा. "मला खाण्याबद्दल काहीतरी हवंय" या पत्राला गुळमुळीत उत्तर येतं. "अमुक पेटी, तमुक पाकीट, दोन पानांचं स्कॅन मिळेल का" या पत्राला बहुतेक वेळा स्कॅन येतं.

पुस्तक आपल्याकडे नसेल तर

अमेरिकेत शिकत असाल तर इंटरलायब्ररी लोन वापरा. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजचं पुस्तक तुमच्या काउंटरवर येतं आणि विद्यार्थ्याला सहसा पैसे पडत नाहीत. लेखाचं पीडीएफ दोन-तीन दिवसांत येतं, पुस्तकाला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, म्हणून मागणी पहिल्याच आठवड्यात टाका. आपली मुलं इथे संकोचतात. पैसे न देता मागायचं कसं, असं त्यांना वाटतं. अहो, आमचा पगार त्यासाठीच आहे.

महाराष्ट्रात बसून हा विषय करत असाल तरी अडत नाही. अमेरिकेत छापून ९५ वर्षं उलटलेली पुस्तकं तिथे स्वामित्वहक्कातून मोकळी होतात आणि हाथीट्रस्ट व इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयांत पूर्ण वाचता येतात. जेस्टोर या शोधलेखांच्या संकेतस्थळावर वैयक्तिक खातं उघडलं की महिन्याला शंभर लेख ऑनलाइन मोफत वाचता येतात. सरकारी विद्यापीठ वा महाविद्यालयात असाल तर २०२५पासून "वन नेशन वन सबस्क्रिप्शन"मधून बरीच आंतरराष्ट्रीय नियतकालिकं खुली झाली आहेत. लॉगिन ग्रंथपालाकडून मागून घ्या. डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्य असलेलं ग्रंथालय दुसऱ्या शहरातून पुस्तक मागवू शकतं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीचं ग्रंथालय आहे. आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या "आस्क अ लायब्रेरियन"वर जगातून कोणीही प्रश्न पाठवू शकतं. मात्र प्रश्न चाळणीतून गेलेला हवा.

नोंद तिथल्या तिथे

विद्यार्थिनी असताना मी एकदा साठ पानं झेरॉक्स करून घरी आणली आणि मुखपृष्ठाचीच प्रत काढायला विसरले. लेखक कोण, साल काय, काही नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री ती साठ पानं माझ्यासाठी रद्दी होती. तेव्हापासून नियम: आधी मुखपृष्ठाचा फोटो, मग मजकूर. पाकपुस्तकाला आवृत्ती लिहा, कारण पुढच्या आवृत्त्यांत पाककृती बदलतात. वर्तमानपत्राला तारीख आणि पान. मेन्यूला हॉटेलचं नाव, शहर, संग्रहाचं नाव आणि ग्रंथालयाने दिलेला क्रमांक. कार्डावर साल छापलेलं नसेल आणि ग्रंथालयाने अंदाजे दिलं असेल तर "अंदाजे" हा शब्दही उतरवा. अभिलेखागाराला पेटी आणि पाकीट.

सांगलीकराचा पेपर तीन आठवड्यांत झाला. त्यात न्यू इंग्लंडची मॅकरोनी एका तळटिपेत गेली. हाफ फ्रायवाली आपली चॉपसुई मात्र बाहेरच राहिली, कारण तिच्यासाठी मुंबईच्या जुन्या चिनी हॉटेलांची मेन्यूकार्डं लागतील. सुट्टीत घरी गेल्यावर ती कुठल्या रद्दीवाल्याकडे मिळतील, एवढंच तो जाता जाता विचारत होता.